घट बसायच्या आधी भिंतीला विचारा

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

मी कड्याहून बोलतेय, तालुका आष्टी. बचत गटांचं काम करते. आज मात्र बचतीवर नाही, घराच्या भिंतीवर बोलणार आहे. फिरून गोष्ट बचतीवरच येते, ते तुमच्या लक्षात येईलच.

पितरपाठ लागला की आपल्याकडे घरोघर एकच गडबड. घट बसायच्या आत घर झालं पाहिजे. गोधड्या धुवायच्या, डबे घासायचे, माळ्यावरचं सगळं खाली काढायचं आणि भिंती करायच्या. आपल्या आयांच्या काळात भिंती करायच्या म्हणजे पांढऱ्या मातीचा पोतारा नाहीतर चुना. आता पेंटर बोलावतात. काम बदललं, सामान बदललं, पण मुहूर्त तोच राहिला. माझी चूक झाली ती नेमकी इथेच. आधी तीच सांगते.

चार वर्षांपूर्वी आमच्या घरी दिराचं लग्न ठरलं होतं. घर जुनं, दगड-मातीचं. पुढच्या खोलीला आतून सिमेंटचा गिलावा केलेला. मी गटातून ८,००० रुपये उचलले. शेकडा दोन रुपये महिना व्याज, दहा हप्ते. पेंटर म्हणाला, ऑईल पेंट मारा वहिनी, पुसता येतो, पुन्हा बघायला नको. घटाच्या चार दिवस आधी लांबी भरून गुलाबी रंग मारला. भिंत अशी चकाकत होती की तोंड दिसावं! लग्न छान झालं, फोटो छान आले. संक्रांतीला बायका हळदी-कुंकवाला आल्या, तोवर भिंतीला फोड आले होते. होळीपर्यंत पापुद्रे सुटले आणि खालून पांढरं मीठ फुटलं. माझे हप्ते मात्र पुढच्या श्रावणापर्यंत चालू होते. मुद्दल ८,००० आणि व्याज ८८०. फुटलेल्या भिंतीकडे बघत मी दर महिन्याला पैसे भरत होते.

त्याहून मोठं दुखणं वेगळंच होतं. त्याच महिन्यात आमच्या गटातल्या एका ताईने शेळी घ्यायला कर्ज मागितलं होतं. पेटीत पैसे कमी होते, म्हणून ती थांबली. माझा रंग आधी झाला, तिची शेळी मागे राहिली. ती मला कधी काही बोलली नाही. पण मला ते विसरता येत नाही. म्हणून आज हा विषय घेतलाय.

आता त्या भिंतीचं काय चुकलं, ते समजून घेऊ. चार महिने पावसाचे. आपल्याकडे पाऊस कमी असला तरी दगड-मातीची भिंत जमिनीतून ओल ओढते आणि पावसाची ओल पोटात धरून ठेवते. भाद्रपद-आश्विनात भिंत वरून कोरडी दिसते, आतून ओली असते. ऑईल पेंट म्हणजे भिंतीवर ताणलेला प्लास्टिकचा कागदच समजा. आतली ओल बाहेर पडायला बघते, वाट मिळत नाही, मग ती रंगालाच ढकलून देते. पाण्याबरोबर मातीतले क्षार येतात, तेच ते पांढरं मीठ.

मग आपल्या आजीच्या वेळी घटाला भिंती केल्या तर फोड का येत नव्हते? कारण चुना आणि माती ओल अडवत नाहीत. चुन्याला तर ओलसर भिंतच लागते. कोरड्या भिंतीवर मारला तर तो लवकर सुकतो आणि भुकटी होऊन अंगाला लागतो. म्हणजे घटाच्या आधी भिंती करायची रीत चुन्या-मातीसाठी पडलेली आहे. ऑईल पेंटला हा मुहूर्त चालत नाही. त्याला माघ-फाल्गुनापासून चैत्र-वैशाखापर्यंतचा कोरडा काळ पाहिजे. आपण सामान नवं घेतलं आणि मुहूर्त जुना ठेवला. मी पेंटरला दोष देत नाही. ‘भिंत आतून वाळलीय का?’ एवढं एक वाक्य मी विचारायला हवं होतं.

ते कसं बघायचं? सोपं आहे. दुधाच्या पिशवीसारखा प्लास्टिकचा तुकडा, हातभर लांब-रुंद, भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी काढा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा भिंत काळपट दिसली, तर तिथे ऑईल पेंट नको, पुट्टी नको, भिंतीला चिकटवायचा वॉलपेपरही नको. हल्ली बाजारात फुलाफुलांचे चिकट कागद आणि प्लास्टिकच्या पट्ट्या मिळतात. स्वस्त वाटतात, ओल झाकतात. पण झाकलेली ओल जात नाही. मागे बुरशी धरते, झुरळं-ढेकूण घर करतात. चुलीजवळ तर ते लावूच नका, प्लास्टिक आहे, पेट घेतं. भिंतीला काही लावायचंच असेल तर बांबूचा तट्ट्या किंवा तागाचं कापड पट्टीला अडकवून, भिंतीपासून बोटभर सोडून लावा. मागे हवा खेळते आणि काढून झटकता येतं.

आता चुन्याकडे येऊ. चुन्याला आपल्याकडे गरिबाचा रंग म्हणतात. पण त्याचं काम बघा. चुनखडीचा दगड भाजला की कळीचा चुना होतो. त्यात पाणी घातलं की तो उकळतो, फुगतो, विझतो. भिंतीवर लावला की हवेतला कार्बन वायू घेऊन हळूहळू पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. ओला चुना फार तीव्र असतो, म्हणून त्यात बुरशी आणि जंतू टिकत नाहीत. ऊसतोडीला जाणाऱ्या ताईंना चुना नवा नाही. कारखान्यात उसाचा रस साफ करायला चुन्याचंच पाणी वापरतात.

करायची पद्धत सांगते, वहीत लिहून घ्या. लोखंडी पिंप घ्या, प्लास्टिकची बादली नको, उष्णतेने वितळते. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा कळीचा चुना. चुन्यावर एकदम पाणी ओतू नका, उडतो. किलोला पाचेक लिटर पाणी धरा. एक दिवस-एक रात्र तसाच राहू द्या. मग जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळून घ्या. दहा किलो चुन्याला पाव किलोच्या आतबाहेर डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला, नाहीतर तांदळाची पेज घाला. ‘चुना अंगाला लागतो’ ही जी तक्रार असते, तिच्यावर इलाज तीन: डिंक, ओली भिंत आणि पातळ हात. भिंतीवर आधी पाणी शिंपडा. दुधासारखा पातळ चुना घ्या. एक जाड हात मारण्यापेक्षा तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. कडक उन्हात मारू नका. भिंतीवर आधीचा ऑईल पेंट किंवा डिस्टेंपर असेल, तर तो खरडून काढल्याशिवाय चुना धरत नाही.

एक धोक्याची गोष्ट. चुना विझवताना लेकरांना लांब ठेवा. डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. स्वतःच्या डोळ्याला चष्मा, हाताला रबरी मोजे किंवा निदान प्लास्टिकची पिशवी बांधा. उडालाच तर डोळा चोळू नका. स्वच्छ पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटं सोडा आणि लगेच दवाखाना गाठा. हळद, तूप, दूध काही घालू नका.

ज्यांची भिंत मातीची आहे, त्यांनी लाज वाटून घेऊ नये. आपल्या मराठवाड्यातच अजिंठ्याची लेणी आहेत. तिथली चित्रं दगडावर थेट काढलेली नाहीत. खडकावर मातीचा गिलावा आहे, त्यात भाताचं तूस आणि गवताचे तंतू मिसळलेले, वरून चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर चित्र. रंग कुठले? लाल काव, पिवळी माती म्हणजे पिवडी, काजळी, हिरवी माती आणि पांढरा. निळा तेवढा बाहेरून आलेल्या किमती खड्याचा. बाकी सगळं माती आणि दगड. त्यातली पुष्कळ चित्रं दीड हजार वर्षांची आहेत. ती पावसात नव्हती, डोंगराच्या पोटात होती, हे खरं. पण मातीची भिंत म्हणजे कमीपणाची भिंत, हे काही खरं नाही. डहाणू-पालघरकडच्या वारली बायका लग्नाच्या वेळी काव आणि शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढत आल्या. आज ती चित्रं जगभर जातात.

माती लावायची तर एक लक्षात ठेवा. नुसती काळी माती घेऊ नका. ती पाण्याने फुगते आणि वाळताना उलते. पांढरी माती किंवा बारीक मुरमाड माती चाळून घ्या. त्यात गव्हाचा भुसा, थोडं शेण घालून चार-पाच दिवस भिजत ठेवा, रोज पायाने तुडवा. आधी हातभर जागेवर लावून बघा. वाळल्यावर भेगा पडल्या तर वाळू आणि भुसा वाढवा. नुसता हात फिरवल्यावर माती निघाली तर वाळू कमी करा. आणि मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करायचा मोह टाळा. सिमेंट कडक, माती मऊ. दोघांचं जमत नाही. मध्ये ओल कोंडते आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलाव्याची ढलपी सुटते.

पण बायांनो, एक गोष्ट खरी बोलली पाहिजे. सारवण आणि पोतारा पर्यावरणाला चांगला, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. सारवायला कोण बसतं, हे कुणी विचारत नाही. शेण आपण आणायचं, पाणी आपण आणायचं, कंबर आपली जायची. ज्या ताई दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतात आणि पाच-सहा महिन्यांनी परत येतात, त्यांच्या बंद घराची माती कोण सावरणार? त्यांच्यासाठी मातीच्या भिंतीवर चुन्याचे तीन हात देऊन जाणं बरं. परत आल्यावर खराब झालेल्या जागी तेवढा एक हात पुरतो. घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनीही कुंचला धरावा. चुना मारणं काही बाईच्या नशिबात लिहिलेलं काम नाही.

आता शेणाचा रंग. हे ऐकून काही जणी हसतील. पण खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने १२ जानेवारी २०२१ रोजी ‘खादी प्राकृतिक पेंट’ नावाचा रंग बाजारात आणला. जयपूरच्या कुमारप्पा राष्ट्रीय हातकागद संस्थेत तो तयार झाला. शेण त्याचा मूळ भाग. त्याला वास येत नाही, आणि शिसं, पारा यांसारखे जड धातू त्यात नाहीत, असं आयोग सांगतो. दोन प्रकार आहेत, डिस्टेंपर आणि इमल्शन. बाजारात आला तेव्हा डिस्टेंपरचा भाव लिटरला १२० रुपये आणि इमल्शनचा २२५ रुपये होता. आजचा भाव दुकानात विचारून घ्या. सिमेंटच्या कोरड्या भिंतीला, म्हणजे घरकुलाच्या भिंतीला हा रंग बघण्यासारखा आहे. शेजारच्या छत्तीसगडमध्ये गटाच्या बायकांनी असा रंग तयार करायचं कामही केलं. पण ‘आपणही कारखाना टाकू’ म्हणून लगेच कर्ज काढू नका. आधी एक लिटर आणा, एका भिंतीला लावा, एक पावसाळा बघा. आपल्या गावात तो विकत कोण घेणार, हे ठरल्यावरच यंत्राचा विचार करा.

नव्या घरकुलाबद्दल अजून एक. गिलावा झाला की लगेच रंग नको. आधी पाणी मारून पिकू द्या, मग निदान महिनाभर वाळू द्या. अनुदान मिळतं त्यापेक्षा घर जास्तीत जातं, हे आपल्याला ठाऊक आहे. मग शेवटी रंगासाठी सावकाराकडे जायची वेळ येते. जाऊ नका. पहिलं वर्ष चुन्यावर काढा. भिंत पुरती वाळेल आणि हातात पैसाही येईल.

हिशोब कसा करायचा? दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट. चारही भिंतींची लांबी मिळून ४४ फूट. गुणिले दहा, ४४० चौरस फूट. दार-खिडकीचे ४० वजा, राहिले ४००. डिस्टेंपर किंवा इमल्शन एका हाताला लिटरमागे साधारण १०० ते १२५ चौरस फूट जातं. नेमका आकडा डब्यावर लिहिलेला असतो. दोन हातांना ७ ते ८ लिटर. पेंटरने १५ लिटर सांगितलं तर विचारा, कशाला? हा हिशोब आपल्याला आला की निम्मी फसवणूक थांबते.

आता एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या, विशेष करून घरात लहान मूल किंवा गरोदर सून असेल तर. जुन्या ऑईल पेंटमध्ये, खास करून पिवळ्या, लाल, हिरव्या रंगात शिसं असायचं. शिसं पोटात गेलं की लेकराच्या मेंदूवर परिणाम होतो, शिकण्यात मागे पडतं. शरीरात किती शिसं चालतं, याची सुरक्षित मर्यादा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंगात लोह कमी असलेल्या लेकराच्या शरीरात ते जास्त शोषलं जातं. आपल्याकडे रक्त कमी असलेली लेकरं किती आहेत, ते अंगणवाडीच्या ताईंना विचारा. सरकारने २०१६ मध्ये नियम केला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. तेव्हा डब्यावर ते लिहिलंय का बघा. सुटा, नाव नसलेला रंग घेऊ नका. पाळण्याला आणि खेळण्यांना तर मुळीच लावू नका.

जुनं दार, जुने खिडकीचे गज, जुनी पेटी यांचा रंग काढायचा असेल तर कोरडा खरडू नका, जाळून तर काढूच नका. पाणी लावून ओल्या पॉलिश पेपरने घासा. लेकरं आणि गरोदर बाई घरात नकोत. निघालेले पापुद्रे कागदात गोळा करा, अंगणात झाडून टाकू नका, कोंबड्या टिपतात. शेवटी ओल्या फडक्याने फरशी पुसा. माझ्या त्या गुलाबी भिंतीचे पापुद्रे माझ्या लेकाने हातात धरून खेळलेले मी बघितलेत. रंग नवा होता, नियमानंतरचा होता, म्हणून निभावलं असं मी मनाला सांगते.

राहिला प्रश्न, कुठला रंग? तुमची आवड तुमची. मी फक्त उजेडाचं सांगते. एकच खिडकी असलेल्या खोलीला पांढरा, मोतिया, फिकट पिवळा घ्या. दिवसा बल्ब लावावा लागत नाही. वरची बाजू, म्हणजे स्लॅब आतून पांढराच ठेवा. स्वयंपाकघरात फिकट पिवळा बरा, धूर लागला तरी लगेच कळकट दिसत नाही. जमिनीलगत हातभर उंच कावेचा पट्टा ओढा. आपल्या आज्या ओढायच्या. पाण्याचे शिंतोडे, केरसुणीचे डाग त्यात दिसत नाहीत. चुन्यात नीळ घातली की पांढरा उजळतो. पिवडी घातली की पिवळा, काव घातली की गुलाबी. पण रंग एकाच वेळी, सगळ्या भिंतींना पुरेल एवढा कालवा. दुसऱ्यांदा तोच रंग जमत नाही. चुना ओला असताना गडद दिसतो, वाळल्यावर फिका पडतो, म्हणून आधी कोपऱ्यात हातभर लावून वाळू द्या. तो सकाळी बघा, दुपारी बघा, रात्री बल्बच्या उजेडात बघा. मग ठरवा.

आणि एक गैरसमज काढून टाका. आतून आकाशी रंग दिला म्हणून घर थंड होत नाही. थंडावा बाहेरच्या रंगावर आणि छतावर असतो. मावळतीची भिंत बाहेरून पांढरी ठेवा. स्लॅबवर, पत्र्यावर उन्हाळ्याच्या तोंडाला पांढरा हात द्या. पत्र्याला चुना फार दिवस धरत नाही, पण तेवढा उन्हाळा निघतो. पांढरं छत ऊन परत फेकतं आणि घर काही अंशांनी थंड राहतं. अहमदाबादसारख्या शहरात उष्णतेपासून वाचण्यासाठी गरीब वस्त्यांतली छपरं अशी पांढरी केली जातात.

शेवटचं बोलते. घर सारवायचं होतं तेव्हा ते बाईचं काम होतं. रंगाला पैसे लागायला लागले, तेव्हापासून तो पुरुषाचा आणि पेंटरचा निर्णय झाला. हप्ता मात्र गटातून, म्हणजे आपल्याच नावावर. ज्या भिंतीसाठी आपण सही करतो, तिच्याबद्दल विचारायचा हक्क आपला आहे. म्हणून या महिन्याच्या बैठकीत तीन गोष्टी करा. घटाच्या आधी रंगासाठी कुणी कर्ज मागितलं, तर आधी प्लास्टिकचा तुकडा लावून भिंत तपासायला सांगा. ओल निघाली तर यंदा चुना, रंग उन्हाळ्यात. चार-पाच घरांनी मिळून चुना आणा, मिळून विझवा, भाडं वाचतं. आणि पेटीतले पैसे थोडे असतील तर आधी शेळी, मग भिंत.

माझ्या पुढच्या खोलीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. मागच्या उन्हाळ्यात सगळा ऑईल पेंट आणि फुटका गिलावा काढून टाकला. मातीचा हात दिला, पितरपाठात चुन्याचे तीन हात दिले, खाली कावेचा पट्टा ओढला. पट्टा ओढायला ती शेळीवाली ताईच आली होती. आता तिच्याकडे चार शेळ्या आहेत. ती म्हणाली, “आता घर घरासारखं दिसतंय बघ.”

घट चांगले बसू द्या, भिंती कोरड्या राहू द्या.